नंबर लागेल का?

जून-जुलैचे दोन महिने धरमपेठेत एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. लक्ष्मीभुवन चौकात चहा घेताना, ट्रॅफिक पार्कच्या बाहेर मुलांची वाट पाहताना, गोकुळपेठेच्या बाजारात भाजी निवडताना एक पालक दुसऱ्याला विचारतो, ‘काय म्हणता, लागेल नं नंबर?’ समोरचा मग मागच्या वर्षीचा आकडा सांगतो. तो एकतर सुटकेचा श्वास देतो, नाहीतर रात्रीची झोप घेऊन जातो.

आपली भाषा इथं मोठी मार्मिक आहे. आपण ‘मेडिकलला नंबर मिळवला’ असं म्हणत नाही, ‘नंबर लागला’ म्हणतो. यादी लागते, तसा नंबरही लागतो. मुलानं दोन-दोन वर्षं पुस्तकात डोकं घातलेलं असतं, तरी शेवटच्या पायरीवर आपल्या हातात नसलेलं काहीतरी आहे, हे या एका क्रियापदानं मान्य करून टाकलेलं आहे. ते काहीतरी म्हणजे नशीब, असं बहुतेकांना वाटतं. मला मात्र इतिहास चाळताना असं दिसतं, की त्याचा मोठा भाग म्हणजे नियम. ते माणसांनी केलेले असतात आणि वेळोवेळी बदललेले असतात. म्हणून ‘नंबर लागेल का’ या प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास आज थोडा मांडतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हा प्रश्न या रूपात नव्हताच. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली सुरू झालं. नागपूर विद्यापीठ स्थापन झालं ४ ऑगस्ट १९२३ रोजी, आणि सर बिपिनकृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले. तोवर इथल्या कॉलेजांचं विद्यापीठ आधी कलकत्त्याला आणि नंतर अलाहाबादला होतं. त्या काळची खरी चाळणी मॅट्रिकची होती. मॅट्रिक झालेला मुलगाच मुळात दुर्मिळ. मुलगी तर त्याहून. जो पास झाला त्याला कॉलेजात जागा असे. अडचण असे ती फीची, वसतिगृहाची आणि घरच्या परवानगीची.

धंदेशिक्षणाचं चित्र वेगळं होतं. नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं, पण तिथं पदवी नव्हे, लायसन्शिएटचा अभ्यासक्रम होता. एम.बी.बी.एस. व्हायचं तर मुंबई, कलकत्ता किंवा लखनौची वाट धरावी लागे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. नागपूरकर आजही त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. त्याच वर्षी प्रांताचं अभियांत्रिकी महाविद्यालय मात्र जबलपूरला निघालं. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती विद्यापीठाला दिली होती, म्हणून १९४२ साली अमरावती रोडवर एल.आय.टी. उभी राहिली. २०२३ साली तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. पण स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकी शिकायचं तर नागपूरचा मुलगा जबलपूरच्या गाडीत बसे.

पुढं १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली आणि जबलपूर दुसऱ्या राज्यात राहिलं. ज्या कॉलेजात आपली मुलं हक्कानं जात होती, ते एका सरकारी आदेशानं ‘बाहेरचं’ झालं. प्रवेशाच्या गणितात भूगोल किती मोठा असतो, हे विदर्भाला तेव्हाच कळलं. खरं तर आधीच कळलं होतं. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपण राजधानीच्या आणि अधिवेशनाच्या संदर्भात आठवतो. त्याच करारात एक कलम असं आहे, की धंदेशिक्षण, शास्त्रीय व इतर विशेष शिक्षण देणाऱ्या संस्थांमधले प्रवेश त्या त्या विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावेत. एका राज्यात यायचं की नाही या वाटाघाटीत मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागा हा स्वतंत्र मुद्दा होता. राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमातही तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याचा उल्लेख आहे.

१९६० साली दक्षिण अंबाझरी रस्त्यावर विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज निघालं. धरमपेठेतून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. पण रीजनल कॉलेजांची योजनाच अशी, की निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्या. म्हणजे दारात कॉलेज असूनही त्याचा अर्धा भाग आपल्या हिशेबात धरायचा नाही. २००२ साली त्याचं व्ही.एन.आय.टी. झालं. राज्यासाठी निम्म्या जागांची ती पद्धत मात्र आजही कायम आहे.

आता अंदाज बांधण्याच्या विद्येकडे येतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एजी ऑफिसात नोकरी करणारे एक काका होते. मेडिकलची आणि इंजिनिअरिंगची यादी लागली, की ते वही-पेन्सिल घेऊन सूचनाफलकासमोर उभे राहत आणि प्रत्येक वर्गवारीतला पहिला आणि शेवटचा गुण उतरवून घेत. खुला वर्ग, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त असे रकाने आखलेले असत. पुढच्या वर्षीचा अंदाज पेन्सिलीनं आणि प्रत्यक्ष आकडा शाईनं. ही वही म्हणजे आमच्या गल्लीचं पंचांग होतं. पण काका कधी एक आकडा सांगत नसत. ‘दोन टक्के इकडे, दोन टक्के तिकडे धरा,’ म्हणत. पेन्सिल आणि शाई यांच्यात दरवर्षी किती फरक पडतो हे त्यांनी पाहिलेलं होतं.

एके वर्षी काटोलकडून दूध घेऊन येणाऱ्या गवळ्याचा मुलगा बारावी झाला. पेढे द्यायला आला तेव्हा काकांनी गुण विचारले, वही उघडली आणि गप्प झाले. वहीप्रमाणे त्याचा नंबर लागण्यासारखा होता. अर्जाची तारीख मात्र आठ दिवसांपूर्वी निघून गेली होती. मुलानं बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. मेडिकलला अर्ज वेगळा करावा लागतो, हे त्याच्या घरात कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. हुशारी त्याच्याकडे होती, गुण होते. नव्हती ती वही. आमच्याकडे ती फुकट होती, शेजारधर्म म्हणून.

मला वाटतं, प्रवेशाच्या इतिहासातली ही सगळ्यात कमी बोलली गेलेली गोष्ट आहे. कुठं किती जागा आहेत, कोणत्या वर्गवारीत त्या कुठं बंद होतात, अर्ज कधी करायचा, ही माहिती हीच एक मिळकत आहे. जमिनीसारखी तीही काही वस्त्यांत साठते आणि वारशानं जाते. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्याच्या निकालानंतर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षणात मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीचा रस्ता मोकळा झाला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ पासूनच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेनं नागपुरातल्या किती वस्त्यांतून डॉक्टर-इंजिनिअर झाले, हे वेगळं सांगायला नको. पण त्या पहिल्या पिढीतल्या कुणालाही विचारा. जागा राखीव असणं आणि ती आपल्यासाठी आहे हे वेळेवर कळणं, या दोन वेगवेगळ्या लढाया होत्या, असंच ते सांगतील.

सत्तरच्या दशकात दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला. इंटर सायन्स गेलं, बारावीचे गुण हाच निकष झाला. ए ग्रुप, बी ग्रुप हे शब्द घराघरात आले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीतल्या मुलांना आई पेढा भरवते आहे, असे फोटो वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. पण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्या त्या विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकलेल्या मुलांनाच घ्यायचं, असा राज्याचा नियम होता. म्हणजे तुमची शक्यता तुमच्या गुणांवर जेवढी, तेवढीच तुमचं गाव कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं यावर अवलंबून. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं ही सरसकट भिंत समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. विभागातल्या मुलांसाठी खुल्या जागांपैकी फार तर ७० टक्के ठेवा, निदान ३० टक्के राज्यातल्या इतरांना खुल्या करा, असा मध्यममार्ग न्यायालयानं दाखवला. पुढं जे ‘सत्तर-तीस’ म्हणून प्रसिद्ध झालं, ते हेच. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ते रद्द केलं. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथल्या मुलांवर अन्याय होतो, ही तक्रार जुनी होती आणि ती खोटी नव्हती. विदर्भातल्या पालकांना मात्र आपलं कुंपण गेल्यासारखं वाटलं. एकाच नियमाकडे नांदेडमधून आणि नागपुरातून पाहिलं तर तो इतका वेगळा दिसतो.

दरम्यान १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. पाठोपाठ १९८४ मध्ये नागपुरातच वाय.सी.सी.ई. आणि रामदेवबाबा ही दोन कॉलेजं निघाली. जागा वाढल्या, प्रश्नही बदलला. ‘लागेल का’ याच्या जोडीला ‘परवडेल का’ आलं. डोनेशन हा शब्द दिवाणखान्यात दबक्या आवाजात बोलला जाऊ लागला. १९८७ साली राज्यानं कॅपिटेशन फी विरोधी कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानं ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे दोन शब्द दिले. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं ती योजना मोडीत काढली, आणि २००५ च्या इनामदार निकालानं खासगी संस्थांचा प्रश्न पुन्हा नव्यानं मांडला. या बारा वर्षांत ज्या घरात दोन-तीन मुलं बारावी झाली, त्या घरात प्रत्येक मुलासाठी वेगळा नियम लागू झाला.

मग आल्या प्रवेश परीक्षा. आय.आय.टी.ची परीक्षा साठच्या दशकाच्या आरंभापासून होतीच, पण ती मोजक्यांची होती. १९९९ पासून राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी सी.ई.टी. आली, काही वर्षांत अभियांत्रिकीलाही आली. धरमपेठ, शंकरनगर, रामनगर भागात क्लासेसचे फलक लागले आणि बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहू लागली. २०१३ ते २०१६ या काळात जे.ई.ई. मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते गेलं. नीट २०१३ साली आली, त्याच वर्षी न्यायालयानं रद्द केली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा जिवंत केली. त्या वर्षी राज्याच्या सी.ई.टी.ची तयारी केलेल्या मुलांना, आपली परीक्षा नेमकी कोणती, हेच ऐन उन्हाळ्यात कळेना. मे महिन्यात अध्यादेश निघाला तेव्हा राज्याच्या जागांपुरता दिलासा मिळाला.

या सगळ्या स्थित्यंतरात मोजमापाची भाषाही बदलली. आधी टक्के होते, मग गुणानुक्रम आला, आणि २०१९ पासून जे.ई.ई.मध्ये पर्सेंटाईल आला. इथं पुष्कळ घरांत घोटाळा होतो. ९९ पर्सेंटाईल म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. शंभरातल्या ९९ मुलांच्या बरोबरीनं किंवा पुढं आपण आहोत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली जे.ई.ई. मेन देणारी मुलं सुमारे चौदा लाख होती. म्हणजे ९९ पर्सेंटाईलवाल्याच्या पुढं तरीही चौदा हजार मुलं उभी असतात. देशातल्या सगळ्या आय.आय.टी.च्या मिळून जागा साधारण अठरा हजार आहेत, त्याही पुढच्या अॅडव्हान्स्ड परीक्षेतून भरायच्या. आकडा ऐकायला शंभराच्या जवळचा, पण त्याचा अर्थ रांगेतली जागा एवढाच आहे. रांग किती लांब आहे हे कळल्याशिवाय त्याला किंमत नाही.

मागच्या वर्षीचा आकडा किती फसवा असतो, याचं ताजं उदाहरण नीटचं. २०२४ च्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवून देशात पहिले आलेले ६७ विद्यार्थी होते. वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ साली पेपर कठीण निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. आता २०२४ ची यादी समोर ठेवून २०२५ च्या निकालाचा अंदाज बांधणाऱ्या घराची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. चांगले गुण असूनही घरात सुतकी वातावरण. म्हणून गुणांची तुलना गुणांशी करू नये, क्रमांकाची क्रमांकाशी करावी. तीही एका वर्षाशी नव्हे, निदान तीन वर्षांशी. मधल्या काळात जागा किती वाढल्या तेही पाहावं. चंद्रपूरला २०१५ साली, गोंदियाला २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, नागपूरला २०१८ पासून एम्समध्ये प्रवेश सुरू झाले, २०२४ साली गडचिरोलीची भर पडली. यातली प्रत्येक घटना जुन्या वहीतले आकडे हलवते.

पसंतीक्रमाची गोष्टही सांगायला हवी. ‘मिळण्यासारखं आहे ते वर टाका, उगाच मोठ्याच्या मागं लागू नका,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉईड शेपली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी एक लहानसा निबंध लिहिला. विषय होता महाविद्यालयीन प्रवेश आणि लग्नं जुळवणं. दोन्हीकडच्या पसंतीच्या याद्या घेऊन कुणालाही मागाहून पळून जावंसं वाटू नये अशी जुळवणी करता येते, हे त्यांनी सिद्ध केलं. शेपली आणि त्यांच्यानंतर या विषयावर काम करणारे अॅल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१५ पासून आय.आय.टी. आणि एन.आय.टी.च्या जागा एकत्रित वाटल्या जातात, त्यामागं हाच विचार आहे. या पद्धतीचा मोठा गुण असा, की वरच्या पसंतीला नंबर लागला नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणून पसंती मनात असलेल्या क्रमानंच लिहावी. शक्यतेचा अंदाज यादी किती लांब ठेवायची हे ठरवायला वापरावा, क्रम ठरवायला नव्हे. राज्याच्या कॅप राऊंडमध्ये पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावी लागते, असे वेगळे नियम आहेत. ते माहितीपुस्तिकेत लिहिलेले असतात आणि ती पुस्तिका दरवर्षी नव्यानं वाचावी लागते.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांकडे पाहिलं, की आपल्या पद्धतीचं एक बळही लक्षात येतं. हार्वर्डसारख्या विद्यापीठात शंभर अर्जांमागं साधारण चारच मुलांना प्रवेश मिळतो, आणि कोणत्या गुणांवर यादी बंद झाली असा आकडाच तिथं नसतो. निबंध, शिफारसपत्रं, खेळ, कधी पालक तिथले माजी विद्यार्थी असणं, अशा अनेक गोष्टी पाहिल्या जातात. न लागलेल्या मुलाला कारण कळत नाही. आपल्याकडे कारण कळतं. यादीत आपल्या वरचा कोण आणि खालचा कोण, हे दिसतं. चूक वाटली तर बोट ठेवता येतं, न्यायालयात जाता येतं. हे सुख शंभर वर्षांत हळूहळू मिळालेलं आहे आणि ते लहान नाही.

आज त्या काकांच्या वहीतली माहिती कुणालाही घरबसल्या संगणकावर, मोबाईलवर मिळते. प्रत्येक फेरीचा, प्रत्येक शाखेचा, प्रत्येक वर्गवारीचा शेवटचा क्रमांक जाहीर असतो. तरीही त्या याद्या वाचून देण्याचे पैसे मोजणारी घरं वाढतच आहेत, आणि ज्यांना ते मोजता येत नाहीत ती घरं पुन्हा गवळ्याच्या मुलाच्या जागी उभी आहेत. अहेरीच्या किंवा देवरीच्या एखाद्या मुलीला नीटमध्ये चांगला क्रमांक मिळतो, पण जातवैधता प्रमाणपत्र वेळेत हवं, अधिवासाचा दाखला हवा, अखिल भारतीय कोट्याची फेरी वेगळी आणि राज्याची वेगळी, हे तिला कोण सांगणार? तिची शक्यता कोणत्याही गणकयंत्रानं काढली तरी ती खरी निघणार नाही. कारण त्या यंत्रानं असं गृहीत धरलेलं असतं, की अर्ज वेळेवर आणि बिनचूक भरलेला आहे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. निकालानंतरच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्याच्या एका शाळेत दोन तास एखादा जाणता माणूस तीन वर्षांच्या याद्या घेऊन बसला, कागदपत्रांची यादी फळ्यावर लिहिली आणि येईल त्याला त्याचा क्रमांक कुठं बसतो ते वाचून दाखवलं, तर पुष्कळ होईल. निवृत्त शिक्षक आणि प्राध्यापक आपल्या धरमपेठेतच शेकड्यांनी सापडतील. त्यांच्यापैकी दहा जणांनी काटोल, उमरेड, रामटेकची सकाळची बस धरायला हरकत नसावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)